जमीन घेण्याआधी एक वैशाख तिथे राहा

चार-पाच मित्रकुटुंबांनी पैसे एकत्र करायचे. कोकणात, मावळात किंवा मुळशीकडे चार-पाच एकर जमीन घ्यायची. मातीची घरं बांधायची, भाजी आपली आपण पिकवायची, वीज उन्हाची, पाणी विहिरीचं. मुलं झाडावर चढतील, म्हातारपण एकटं जाणार नाही. हा बेत आज कितीतरी घरांत चालला आहे. तुमच्याही घरात चालला असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी.

बेत चांगला आहे. मोडता घालायला मी बसलेलो नाही. पण अशी वस्ती उभी राहताना पाहिली आहे आणि विस्कटतानाही पाहिली आहे. माती, पाऊस, साप यांच्यामुळे वस्ती क्वचित मोडते. ती मोडते न विचारलेल्या प्रश्नांमुळे आणि न लिहिलेल्या बोलीमुळे. म्हणून प्रश्न आधी विचारा, आणि उत्तरं कागदावर घ्या.

पहिला प्रश्न पाण्याचा.

जमीन दाखवणारा माणूस तुम्हाला श्रावणात बोलावतो. तेव्हा सगळीकडे हिरवं असतं, ओढा खळखळत असतो, बांधावर तेरडा फुललेला असतो. त्या दिवशी जा, फोटो काढा, आणि काहीही कबूल न करता घरी या. मग एप्रिल-मेमध्ये पुन्हा जा. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच कोकणात उन्हाळ्यात गावोगाव टँकर येतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात भरून वाहणारी विहीर होळीनंतर तळ दाखवते.

विहीर असेल तर मे महिन्यात एक साधी परीक्षा घ्या. मालकाला सांगून संध्याकाळी पंपाने पाणी उपसा. रात्रभर थांबा. सकाळी किती भरलं ते दोरी सोडून मोजा. आणि शेजारच्या वाडीतल्या एखाद्या काकींना विचारा, ‘शिमग्यानंतर पाणी कुठपर्यंत उतरतं?’ दलालापेक्षा त्यांचं उत्तर खरं असेल, कारण पाणी भरणाऱ्या त्या असतात.

आता थोडा हिशोब. माणशी दिवसाला सत्तर लिटर धरलं, तर चौघांच्या घराला रोज २८० लिटर लागतं. फेब्रुवारी ते मे असे चार महिने काढायचे तर साधारण ३४ हजार लिटर. हे फक्त घरचं. भाजीचं, गाईचं, पाहुण्यांचं यात नाही. पाच घरं असतील तर पाचपट.

यातलं बरंचसं पाणी तुमच्या डोक्यावरूनच वाहून जात असतं. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं. दोन हजार मिलिमीटरच्या गावात तेच छप्पर दोन लाख लिटर झेलतं. सांडलेलं, उडालेलं वजा करा, तरी दीड लाखाच्या वर उरतं. प्रश्न साठवण्याचा आहे. ३४ हजार लिटरसाठी चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडी खोल अशी टाकी लागते. घराच्या खर्चात ती पहिल्या दिवसापासून धरा. घर झाल्यावर टाकी बांधू म्हणणाऱ्यांची टाकी होत नाही. तोवर पैसे संपलेले असतात.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, आणि गावाने डोंगरावर चर खणले, माती अडवली, पाणी जिरवलं. ते सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्यांचा पुढचा नियम जास्त मोलाचा वाटतो. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्या वर्षी काय पिकवायचं ते त्यावरून ठरवतं. पाणी आलं तरी हात आखडता ठेवायचा, हे पाच कुटुंबांच्या वस्तीला जमेल का? एकाला लॉन हवं असतं, दुसऱ्याला पोहायचा तलाव. आधीच विचारून घ्या.

आता कागद. इथे घाई करू नका आणि कुणाच्या शब्दावर जाऊ नका.

महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कूळ कायद्याचं ६३ वं कलम तसं सांगतं. तुमच्या नावावर किंवा घराण्यात शेती नसेल तर पहिली गाठ वकिलाशी घाला, दलालाशी नंतर. ‘आपल्यातला एक जण शेतकरी आहे, त्याच्या नावावर घेऊ, बाकीच्यांचं नंतर बघू’ असं कुणी म्हणेल. ते ऐकू नका. कायद्याच्या लेखी जमीन त्याचीच होते. तो माणूस सोन्यासारखा असेल. पण उद्या तो गेला तर जमीन त्याच्या वारसांची, आणि त्याच्या जावयाने तुमच्याशी बोली केलेली नसते.

सातबारा स्वतः वाचायला शिका. अवघड नाही. भोगवटादार वर्ग १ आहे की २, ते बघा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. मग ‘इतर हक्क’ असं लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवा आणि प्रत्येक ओळ वाचा. बँकेचा बोजा असतो. कुळाचं नाव असतं. कोकणात खाजगी वनांची नोंद असते, १९७५ च्या कायद्याखालची. ती नोंद असलेली जमीन कितीही सुंदर दिसली तरी आधी वकिलाकडे न्या. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तिथून परत फिरा. ती सहज घेता येत नाही, आणि घेता आली तरी घेऊ नये असं माझं मत आहे.

सामाईक सातबाऱ्यावर दहा नावं असतात. त्यातले दोन मुंबईत, एक आखाती देशात, एक वारलेला आणि त्याच्या वारसांची नोंद राहिलेली. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मोजणी सरकारी करून घ्या. हद्दीचा दगड मालक दाखवतो तिथे नसतो, असं पुष्कळदा होतं. आणि शेतात एक शेतघर बांधणं वेगळं, पाच-सहा घरांची वस्ती करणं वेगळं. दुसऱ्याला बिनशेती परवानगी, रस्ता, ग्रामपंचायत असं सगळं लागतं. तुकडेबंदीचे नियमही अलीकडे बदलले आहेत. तलाठ्याला, म्हणजे कागदावरच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याला, भेटून आजचा नियम विचारा. वर्षभरापूर्वीच्या माहितीवर व्यवहार करू नका.

जमीन कुणाच्या नावावर, हे ठरलं की त्याच बैठकीत दुसरी गोष्ट ठरवा. वस्तीतून कुणाला बाहेर पडायचं झालं तर काय?

हा प्रश्न कुणालाच काढायचा नसतो. लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचं बोलतोय असं वाटतं. तरी काढा. माणसं निघून जातातच. मुलाला दमा होतो, आईला डायलिसिस लागतं, नोकरी परत बोलावते, नवराबायकोत बिनसतं. जाणाऱ्याला किती पैसे मिळतील? त्याने घातलेले तेवढेच, की आजच्या भावाने? किती महिन्यांत? त्याचं घर कोण घेणार, आणि तो बाहेरच्याला विकू शकतो का? कुणी वारलं तर मुलांचा हक्क कोणता? हे सगळं पहिला हप्ता भरण्याआधी लिहा. सोसायटी करा, ट्रस्ट करा, कंपनी करा, जे वकील सुचवतील ते. पण लिहा, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची त्यावर सही घ्या. नवऱ्याची सही म्हणजे बायकोची सही असं धरू नका.

आता स्वयंपाकघर. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त वस्त्या इथेच विस्कटतात.

एकत्र राहायचं म्हटलं की पहिली कल्पना सुचते ती एका चुलीची. सगळ्यांचं जेवण एकत्र. ऐकायला छान वाटतं. मग भिंतीवर तक्ता लागतो. सोमवारी भांडी यांची, मंगळवारी त्यांची. पहिल्या महिन्यात तक्त्याच्या कडेने मुलांनी खडूची फुलं काढलेली असतात. चौथ्या महिन्यात आमटीचं मोठं पातेलं रात्रभर मोरीत तसंच राहतं. सकाळी तळाला आमटी वाळून धरलेली असते, मुंग्यांची रांग लागलेली असते. ज्याला चहा ठेवायचा असतो तो कुणाला काही बोलत नाही. पातेलं जरा जोरात आपटतो, एवढंच. त्या दिवशी दुपारच्या बैठकीत विषय निघतो तो कंपोस्टचा, आणि आवाज चढतात. भांडण पातेल्याचं असतं, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

आणि बहुतेक वेळा हळूहळू ती भांडी बायकांकडे जातात. पुरुष मंडळी सौर पॅनल आणि गांडूळखताची चर्चा करतात. तुमच्या वस्तीत असं होणार नाही अशी तुमची खात्री असेल, तर घरच्या बायकांना वेगळं बसवून विचारा. त्यांची खात्री किती आहे ते बघा.

माझा सल्ला ऐकाल तर चूल प्रत्येकाची वेगळी ठेवा. आठवड्यातून दोनदा एकत्र जेवा. ते जेवण मग सणासारखं होतं. कुणाला मासे हवेत, कुणाला कांदा-लसूणही चालत नाही, कुणाच्या घरी रात्री नऊला ताट लागतं तर कुणाच्या सातला. या गोष्टी तत्त्वाने सुटत नाहीत. मध्ये एक भिंत असली की सुटतात.

सगळं एकत्र करून टिकलेल्या वस्त्या नाहीत असं नाही. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. भगिनींचा आश्रम. शेती, स्वयंपाक, सफाई सगळं त्यांनी स्वतः करायचं, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचा. सहा दशकांहून अधिक काळ ते चाललं आहे. पण तिथे येणारी प्रत्येक जण घरसंसार सोडून, एका साधनेसाठी आलेली होती. तुम्ही संसार घेऊन जाणार आहात. शाळा, हप्ते, सासू-सासरे सगळ्यांसकट. त्यांच्याकडून शिका, पण त्यांची बरोबरी पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका.

निर्णय कसे घ्यायचे, हे शिकायचं तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघा. गोंडांचं लहानसं गाव. २००९ मध्ये त्यांना आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ पासून बांबू त्यांनी स्वतः विकला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे हात वर करून मतं मोजण्याची पद्धत सोडली आहे. एखाद्या विषयावर आधी अभ्यासगटात बोलायचं, माहिती काढायची, मग ग्रामसभेत मांडायचं. एकाचंही मन नसेल तर थांबायचं. पुन्हा बोलायचं. शहरातल्या आपल्याला तीन विरुद्ध दोन अशी मतं पडली की विषय संपला असं वाटतं. पाच घरांच्या वस्तीत ते दोन जण रोज सकाळी विहिरीवर भेटतात. त्यांचा विषय संपलेला नसतो.

मात्र सगळ्याच गोष्टींना सर्वांची संमती लावू नका. वांगी लावायची की भेंडी, यावर दोन तास बसणारा गट मी पाहिला आहे. जमीन, पैसा, नवं कुटुंब घेणं, कुणाचं बाहेर पडणं, एवढ्या गोष्टी सर्वांच्या संमतीने. बाकी एकेकाला वाटून द्या. भाजीचं ज्याच्याकडे, त्याने ठरवायचं. चुकलं तर चुकू द्या.

संडास आणि सांडपाणी हा विषय नाक मुरडून टाळू नका. तुमचंच मलपाणी तुमच्याच विहिरीत उतरू शकतं. दोन शोषखड्ड्यांचा संडास करा. एक भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायचा. बंद केलेला वर्ष-दोन वर्षांनी उघडला की कोरडं, वास नसलेलं खत निघतं. खड्डे विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या बाजूला हवेत. जांभ्यात भेगा असतात, तिथे आणखी लांब. हे नवं नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि खताचे प्रयोग केले ते स्वातंत्र्याच्या सुमाराला. त्यांच्या वाटेने देहूत डॉक्टर मापुस्कर यांनी संडासाला जोडलेला गोबरगॅस घरोघर नेला. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये. देहूच्या साध्या घरांत ज्यावर चहा होऊ शकतो, त्याची तुम्हाला किळस वाटायचं कारण नाही.

घराबद्दल थोडक्यात सांगतो. मातीचं घर गारवा देतं, पण दर वर्षी सारवण आणि डागडुजी मागतं. वाळवी येते. पावसाच्या बाजूला छपराची पाखं लांब ठेवा, पाया दगडाचा आणि उंच घ्या. कोकणात पडवीला पावसाळ्याआधी झापं बांधतात, ती हौसेखातर नव्हे. आणि गवंडी गावातलाच घ्या. व्हिडिओ बघून बांधलेली भिंत पहिल्या जुलैत कळते.

विजेचं एक ध्यानात ठेवा. सरकारी अनुदानाचा छपरावरचा सौर संच, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात तो, महावितरणच्या तारेशी जोडलेला असतो. तारेतली वीज गेली की तो साधा संचही बंद पडतो. भर उन्हातही. पावसाळ्यात गावाकडे दोन-दोन दिवस वीज नसते. तेव्हा पंप, फोन आणि दोन दिवे चालतील एवढी तरी बॅटरी वेगळी ठेवा.

आता जिवाची काळजी.

तुमच्या आवारात साप असणार. मारू नका, पण गाफीलही राहू नका. आपल्याकडे जीव घेणारे मुख्य चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका बारीक की झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असेल. म्हणून जमिनीवर झोपू नका. खाट वापरा, मच्छरदाणी लावा आणि ती गादीखाली नीट खोचा. रात्री अंगणात पाऊल टाकताना हातात विजेरी हवी. सरपण आणि विटांचा ढीग घराला टेकून रचू नका.

साप चावलाच, तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. कुठलं रुग्णालय? हे आजच शोधून ठेवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा की सापाच्या विषावरची लस इथे आहे का, रात्री डॉक्टर असतात का. नसेल तर पुढचं रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे एकदा गाडी नेऊन बघा. तो आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहा.

विंचवाचंही तसंच. कोकणातला लाल विंचू मुलांच्या हृदयावर घाला घालतो. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसीन नावाच्या साध्या गोळीने कितीतरी जीव वाचवले. उपाय आहे. तो वेळेत मिळायला हवा, मांत्रिकाकडे तास घालवून चालत नाही. मुलांना सकाळी बूट झटकून घालायची सवय लावा.

आणि वणवा. फेब्रुवारीपासून डोंगर पेटतात. घराभोवती दहा फूट तरी गवत काढून जमीन मोकळी ठेवा. जागेच्या कडेने जाळरेषा काढा. शेजारी तुम्हाला सांगतील कधी काढायची ते.

शेजाऱ्यांवरून आठवलं. तुम्ही जाल तिथे आधीपासून एक गाव आहे. त्याचं तुमच्यावाचून अडलेलं नाही.

नवीन माणूस पहिलं काय करतो, तर तारेचं कुंपण घालतो. त्या कुंपणात गुरांची वाट अडकते. बायकांची पाण्याला जायची पायवाट अडकते. कधी पालखीची वाट अडकते. सातबाऱ्यावर ती वाट दिसत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून जात असतात. तिला वहिवाट म्हणतात, आणि ती अडवली तर १९०६ च्या मामलेदार कायद्याखाली तहसीलदाराकडे तक्रार होते. तक्रार होण्याआधीच गावाने तुमच्याबद्दल मत बनवलेलं असतं. कुंपणाआधी वाडीतल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन हद्दीवरून एक फेरी मारा. कुठे फाटक हवं ते तेच सांगतील.

पहिलं वर्ष ऐकायचं. युरिया वाईट आहे, तुम्ही बी विकत का घेता, असली भाषणं देऊ नका. ज्याला तुम्ही शिकवायला निघालात त्याने त्याच मातीत पन्नास पावसाळे काढलेले असतात. तात्या, दादा, काकी, वहिनी, जसं गाव हाक मारतं तशी हाक मारा. मजुरी गावाच्या दराने, वेळेवर द्या. फार जास्त देऊ नका, त्याने शेजाऱ्याची शेती अडते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला असते. जा, मागे बसा, घरपट्टी भरा. शिमग्यात पालखी दारात येईल. तुमचा देवावर विश्वास असो-नसो, अंगण स्वच्छ ठेवा, नारळ ठेवा आणि बाहेर उभे राहा. जूनमध्ये ओढ्याला पूर आला आणि रात्री मूल तापलं, तर पलीकडून माणूस हीच मंडळी पाठवणार आहेत.

पोटाचं बघा. शेतीवर पहिली तीन वर्षं घर चालत नाही. कलमी आंब्याला धड फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. पहिल्या वर्षीची भाजी माकडं आणि रानडुकरं खातात. माकडं हळदीला, आल्याला सहसा तोंड लावत नाहीत, सुरुवात तिथून करा. पण घरखर्चासाठी दुसरी मिळकत हवी. शिबिरं घेऊ, पाहुणे ठेवू, असा बेत पुष्कळ जण करतात. स्कॉटलंडमध्ये फिंडहॉर्न म्हणून जगभर गाजलेली अशीच वस्ती आहे. १९६२ मध्ये वाळूवरच्या एका कॅराव्हॅनच्या तळावर तीन माणसांनी सुरू केलेली. तिथल्या संस्थेलाही २०२३ मध्ये पैसे पुरेनात म्हणून शिबिरं थांबवावी लागली. साठ वर्षांचं नाव असताना. तुमच्या वस्तीला कुणी ओळखतही नाही. पाहुण्यांचे पैसे आले तर वरकड समजा. वीज बिल, औषधं आणि मुलांची फी त्यावर टांगू नका.

मुलांची शाळा शक्यतो गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून सुरू करा. आधी एक दिवस जाऊन बसा. शिक्षक बघा, पट बघा. चांगले शिक्षक पुष्कळ ठिकाणी आहेत. आणि मोठी मुलं असतील, सातवी-आठवीतली, तर त्यांना विचारा. त्यांचं नाही म्हणणं मनावर घ्या.

आई-वडिलांची औषधं महिन्याला कुठे मिळणार, दात दुखला तर किती लांब जायचं, रक्त तपासणी कुठे होणार, हे त्यांच्यासमोर बसून ठरवा. त्यांना तिथे नेऊन दोन आठवडे ठेवा. बिछान्यावरून उठून मोरीपर्यंत रात्री जाता येतं का, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

मग, जमीन घेण्याआधी, एक वर्ष भाड्याने राहा. त्याच गावात, नाहीतर शेजारच्या. एखादं बंद घर मिळतंच, मालक मुंबईला असतो. पाचही कुटुंबं एकदम नकोत, दोन जा, बाकीचे सुट्टीला येतील. एक पावसाळा, एक उन्हाळा पुरा काढा. त्या वर्षात जे एकमेकांशी नीट भांडू शकले आणि दुसऱ्या दिवशी बोलू शकले, त्यांच्याबरोबर जमीन घ्या. जे भांडलेच नाहीत, त्यांच्याबद्दल मला जरा शंका आहे.

शहरातलं घर इतक्यात विकू नका. बायको म्हणेल विकू नका, तिचं ऐका. नवरा म्हणत असेल तर त्याचं ऐका. अकरा महिन्यांच्या करारावर ते भाड्याने द्या, करार नोंदवून घ्या, आणि एका खोलीत आपलं सामान कुलूप लावून ठेवायची अट त्यात घाला. भाडेकरूला ती अट आधीच दाखवा, म्हणजे पुढे कटकट नाही.